पानावरचा हळदीचा अंगठा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
५ जून २०२४

चि. विशाखास,
जयभीम.

तुझं पत्र काल मिळालं. पाकिटावर पिनकोडचा शेवटचा आकडा पुसट होता, तरी पोस्टमननं आणून दिलं. पुढच्या वेळी ठळक काढ. शाळेत मास्तरीण झालीस म्हणून आकड्यांना सूट नाही.

तू लिहितेस, तुमच्या पिशोरच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सारजाबाई मार्चमध्ये बाहेरून दहावीला बसल्या. सगळ्या विषयांत सुटल्या, इंग्रजीत चोवीस मार्कांवर अडकल्या. जुलैच्या मध्यात पुरवणी परीक्षा आहे. गावात आशाताईची जागा भरायची आहे, तिला दहावी पास लागतं, आणि नावं ऑगस्टअखेर द्यायची आहेत. म्हणजे जुलै हुकला की जागा हुकली. आणि बाईंची सगळ्यात मोठी गडबड विशेषणं आणि तुलना यात होते, तेवढं तपासून द्याल का, असं तू विचारतेस.

देईन. अट जुनीच. तू पाचवीत असल्यापासून जी आहे तीच. एका पानावर दहा वाक्यं, हातानं लिहिलेली, पोस्टानं. मोबाइलवर नको. मोबाइल माणसाची चूक आपणच दुरुस्त करून पुढं पाठवतो, मग तपासायचं काय? माझं उत्तरही त्याच पानावर येईल. लाल म्हणजे रिजेक्ट, हिरवं म्हणजे ओके.

बाईंनी माझ्याबद्दल विचारलं तर सांग, वाळूजला एका कंपनीच्या तपासणी खात्यात एकतीस वर्षं आहे आणि इंग्रजी कुणाकडं शिकलेला नाही. क्लास नाही, मास्तर नाही. एक डिक्शनरी आणि मी. त्यांनाही धीर येईल.

मनकर्णाआक्काला नमस्कार.

तुझा मामा,
पुंडलिक

* * *

पिशोर
११ जून २०२४

ती. मामा,
जयभीम.

पिनकोड या वेळी मार्करनं काढलाय. आईनं बघितलं आणि म्हणाली, "तुझा मामा जेवायला बसला तरी भाकरीची जाडी बघतो, त्याच्या नादाला लागू नको." नमस्कार तिनंही सांगितलाय, पण हे आधी सांग म्हणाली.

सोबत सारजाबाईंचं पहिलं पान. खालच्या कोपऱ्यात पिवळा अंगठा उमटलाय, त्याला रागावू नका. शाळेला सुट्टी असली तरी बाईंचा हात हळदीतून सुटत नाही, लग्नाच्या स्वयंपाकाला जातात. पान चुलीपुढं बसून लिहिलंय.

मामा, या बाईंबद्दल दोन ओळी. वय एकोणचाळीस. आशाताईची जागा अजून मिळायची आहे, पण गावातल्या निम्म्या बाळंतिणी आत्ताच त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जातात. डॉक्टरनं काय सांगितलं ते घरच्यांना समजावून सांगतात, गोळ्यांच्या पुड्यांवर सूर्य आणि चंद्र काढून देतात. मी विचारलं, "सारजाबाई, हे सगळं करताच आहात, मग दहावी कशाला?" तर म्हणाल्या, "ताई, नुसतं करते तर मी फुकटची लुडबुड. कागुद असला की मंग त्येच काम."

त्यांनी हे पान मला तीनदा वाचून दाखवलं आणि मग दिलं.

तुमची,
विशाखा

* * *

गारखेडा
१५ जून २०२४

चि. विशाखास,
जयभीम.

पान तपासून परत पाठवतोय. दहापैकी नऊ रिजेक्ट.

"माय डॉटर इज टॉल दॅन मी." "सॅटरडे खिचडी इज गुड दॅन मंडे खिचडी." "द बिग भगुनं इज हेवी दॅन द स्मॉल भगुनं." सगळीकडं एकच दोष. मराठी माणूस 'पेक्षा' लावतो आणि मोकळा होतो. आईपेक्षा उंच, सोमवारपेक्षा चांगली. आपलं विशेषण जागचं हलत नाही. इंग्रजीत ते हलवावं लागतं. टॉलचं टॉलर, हेवीचं हेवियर, आणि गुडचं तर रूपच बदलतं, बेटर होतं. हे मी प्रत्येक वाक्याखाली लाल पेननं सविस्तर लिहिलंय, नियमासकट. जागा पुरली नाही म्हणून समासात आणि मागच्या बाजूलाही लिहिलंय. भगुनं हा इंग्रजी शब्द नाही, पातेल्याला इंग्रजीत पॉट म्हणतात, त्यालाही दोन्हीकडं लाल केलंय.

दहावं वाक्य "आय ॲम नॉट टायर्ड." हे ओके आहे. हिरवा टिक दिलाय.

बाईंना सांग, नऊ रिजेक्ट पाहून खचू नका, ही शिस्त आहे. मी दोन तास बसलो होतो या पानावर. इतकं बारीक तपासून त्यांना कुणी दिलं नसेल.

पुंडलिक

* * *

पिशोर
२२ जून २०२४

ती. मामा,
जयभीम.

शाळा सुरू झाली, त्यामुळं उशीर झाला. सारजाबाईंना पान दिलं. तुमचे आभार मानलेत. सोबत त्यांची नवीन तीन पानं एकदमच पाठवतेय, परीक्षा जवळ आलीय म्हणून. फार गडबडीत आहे.

विशाखा

* * *

गारखेडा
२७ जून २०२४

चि. विशाखास,

तीन पानं मिळाली. तपासलेली नाहीत. आधी एक सांग, ही कुणी लिहिली?

अक्षर चांगलं उतरवलंय. बाईंचा 'टी' वरून वाकडा असतो, तोही वाकडा काढलाय. पण मी एकतीस वर्षं हेच काम करतो, विशू. एका मशिनवरचा माल एकाच बाजूला चुकतो. हत्यार झिजलं की भोक लहान पडायला लागतं, मग प्रत्येक तुकड्यात लहानच पडतं. तिथं एक लहान, एक मोठं, एक तिरकं निघालं तर समजायचं की ट्रेमध्ये दुसऱ्या मशिनचा माल मिसळलाय.

सारजाबाईंची चूक कायम कमी पडते. त्या विशेषणाला काही जोडतच नाहीत. आणि या पानांत 'मोर बेटर', 'मोस्ट टॉलेस्ट', 'मोर हेवियर'. सगळं जास्तीचं. या चुका चुलीपुढच्या नाहीत, नेहमी होणाऱ्या चुकांच्या पुस्तकातल्या आहेत. जिच्या पहिल्या पानात लेक, खिचडी आणि भगुनं होतं, तिनं तीन पानं भरून हिमालय, ताजमहाल आणि नाईल नदी लिहिली?

आणि कोपऱ्यात हळद नाही. तिन्ही पानांवर नाही.

खरं काय ते कळव. परीक्षेला तीन आठवडे उरलेत.

पुंडलिक

* * *

पिशोर
१ जुलै २०२४

ती. मामा,
जयभीम.

पानं मी लिहिली. माफ करा म्हणणार नाही, आधी ऐका.

तुमचं पान मी सारजाबाईंना शाळेच्या ओसरीवर दिलं. त्यांनी हात धुतला, पुसला, मग उघडलं. बोटानं एकेक लाल ओळ मोजली. मग हसून म्हणाल्या, "ताई, ह्ये पान हाय का मिरच्या वाळत घातल्या?" मीही हसले. मला वाटलं, निभावलं.

संध्याकाळी त्यांच्या लेकीनं, सायलीनं, ते पान बघितलं. ती आठवीत आहे. म्हणाली, "आई, तुला तर काहीच येत नाय." पोरगी सहज बोलून गेली, अभ्यासाला बसली. दुसऱ्या दिवशी बाई पुस्तक घेऊन माझ्याकडं आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी घरी गेले तर तांदूळ निवडत होत्या. "ताई, माझी खिचडीच बरी. तिच्यात कुणी लाल करत नाय." मग चहा दिला, दुसऱ्या विषयावर गेल्या.

तुम्हाला कसं कळवणार? तुम्ही दोन तास बसून तपासलं होतं. तुमच्या कष्टाचं असं झालं हे लिहायला हात होईना. म्हणून पानं मी भरली. वाटलं, तुम्ही तपासत राहाल, तोवर मी बाईंना परत बसवीन. बसवू शकले नाही.

आता निघालंच आहे तर आणखी एक. मी सहावीत असताना तुमचं पान आलं की पाकीट आधी आई उघडायची. तिला वाचता येत नाही, पण लाल किती आहे ते दिसायचं. लाल जास्त असलं तर पान दोन दिवस पिठाच्या डब्यामागं ठेवायची आणि माझी शाळेतली चाचणी झाली की मग द्यायची. मला हे नोकरी लागल्यावर सांगितलं तिनं.

मामा, मी आज वर्गात उभी आहे ती तुमच्या त्या पानांमुळं, हे मी कुणालाही सांगेन. पण मला ती पानं आई चाळून देत होती. सारजाबाईंना चाळून द्यायला कुणी नव्हतं. ते मी करायला हवं होतं, मी तसंच नेऊन दिलं.

तुमची,
विशाखा

* * *

देवगाव रंगारी
८ जुलै २०२४

चि. विशाखास,
जयभीम.

वरचं गाव वाचून चमकशील. हे पत्र इथल्या पोस्टात बसून लिहितोय. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून पिठाचा डबा डोळ्यांपुढून जात नव्हता. आज सुट्टी टाकली आणि एसटी धरून इथं सर्जेराव काकांकडं आलो.

सर्जेराव कोण, हे तुला माहीत नाही. घरात कुणालाच माहीत नाही. ती माझीच करणी. आज लिहितो, मध्ये थांबवू नको.

मी सत्याऐंशी साली दहावीला बसलो, त्यात इंग्रजीत नापास झालो. बावीस मार्क. सारजाबाईंपेक्षा दोन कमी. घरी पास सांगितलं आणि शहरात आलो. कंपनीत हेल्परला मार्कशीट कुणी मागितली नाही. पुढं तपासणी खात्यात घेतलं तेव्हा तिथं सर्जेराव काका सीनियर होते. तिथले रिपोर्ट इंग्रजीत. माझा पहिला रिपोर्ट होता, "डाया स्मॉल दॅन ड्रॉइंग." म्हणजे भोक नकाशातल्यापेक्षा लहान. बघ, कोणाची चूक आहे ही. सारजाबाईंचीच. अगदी तीच.

काकांनी त्यावर रेघ मारली नाही. बिस्किटाच्या पुड्याचा कागद फाडला, माझं वाक्य आहे तसं डाव्या बाजूला उतरवलं, उजव्या बाजूला त्यांचं लिहिलं, "डाया स्मॉलर दॅन ड्रॉइंग," आणि माझ्यापुढं सरकवला. "माझं ऐकू नको. दोन्ही शेजारी ठेव आणि तूच बघ."

मालही ते मला असाच तपासायला शिकवत. खात्यात एक नमुन्याचा तुकडा असतो, बिनचूक बनवलेला, त्याला मास्टर पीस म्हणतात. तो एका हातात द्यायचे, मशिनवरचा दुसऱ्या हातात. "डोळे मीट. अंगठा फिरव. आता सांग कोणता जाड." सांगता यायचं. आठ महिने माझे रिपोर्ट त्यांनी आपल्या कोपराखाली ठेवले, नीट होईपर्यंत साहेबापर्यंत जाऊ दिले नाहीत. ना कुणापुढं बोलले, ना लाल केलं.

आणि मी एकतीस वर्षं सांगत फिरतोय की मला मास्तर नाही. डिक्शनरी आणि मी. डिक्शनरी खरी आहे. बाकी राहिलं.

काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. मी पाया पडलो, सगळं सांगितलं. एकट्यानं शिकलो असं सांगत आलो, हेही सांगितलं. त्यावर म्हणाले, "मला ठाव हाय की रं. कंपनीतली पोरं येतात, सांगतात. म्हनलं, बोलू दे. मास्टर पीसची कुणी चौकशी करत नसतंय. माल बरा निघाला म्हंजे झालं." मग म्हशीला पेंड टाकायला उठले. निघताना एवढंच म्हणालो, "काका, उशीर झाला." ते म्हणाले, "चा घिऊन जा, मंग उशीर म्हन."

आता काम. सोबत सारजाबाईंसाठी दोन गोष्टी आहेत.

एक पान. मधोमध घडी. डाव्या बाजूला त्यांचीच दहा वाक्यं, पान परत पाठवण्याआधी मी वहीत उतरवून ठेवलेली, जशीच्या तशी, कुठं खूण नाही. उजव्या बाजूला माझी. भगुनं तसंच ठेवलंय, भगुन्याला दुसरं नाव घेऊन त्यांना काय करायचंय. "द बिग भगुनं इज हेवियर दॅन द स्मॉल भगुनं." दहाव्या वाक्यापुढं उजवी बाजू कोरी आहे. त्यांच्या "आय ॲम नॉट टायर्ड"च्या शेजारी ठेवायला माझ्याकडं याहून चांगलं वाक्य नाही.

दुसरा तो बिस्किटाचा कागद. डिक्शनरीत 'एस'च्या पानात एकतीस वर्षं होता. माझी चूक त्यावर स्वच्छ वाचता येते. बाईंना दे, सायलीलाही दाखव म्हणावं. आक्काला वाचून दाखव. तिला सांग, डबा बरोबर जागी ठेवला होता.

लाल पेन मी ऑफिसातल्या खणात टाकलाय. तिथं मालाला लागतो.

तुझा मामा,
पुंडलिक

* * *

पिशोर
२७ ऑगस्ट २०२४

पुंडलिकभाऊ यांस सारजाबाईचा रामराम.

विशाखाताई म्हणल्या तुमचं तुमीच लिवा, म्हणून लिवते. मराठीत लिवते, हितं मार्क नाय.

तुमचं घडीचं पान आलं तवा मी ताईला म्हणलं, मला नाय बघायचं. ताईनं बिस्किटाचा कागद तेवढा हातात दिला आन् म्हणल्या, ही मामांची चूक हाय. मी वाचली. मला कळली. लई दिवसांनी कायतरी वाचल्या वाचल्या कळलं. म्हणलं, अगं बया, एवढा मोठा साहेब, ह्याला पन भोक लहानच म्हणायचं व्हतं व्हय, माझ्यावानी. मंग घडीचं पान उघडलं.

सायलीला कागद दावला. ती म्हणली, आई, ह्यांना पन येत नव्हतं का? म्हणलं, नव्हतं. मंग तिनं घडीचं पान घेतलं, डावी बाजू हातानं झाकून मला उजवी म्हणाय लावली. रोज रात्रीचं भाकरी झाल्यावर. चुकलं की नुसता हात उचलायची. दोन्ही शेजारी दिसायचं. तिला बोलावंच लागलं नाय.

पेपरात तुलनेचं आलं व्हतं. चार मार्कांचं. मी आदी मनातल्या पाटीवर भगुनं ठिवलं, मंग लिवलं.

निकाल शुक्रवारी लागला. भाऊ, तुमी बारीक बघणारे, म्हणून खरं ते लिवते. पस्तीस पडले. पस्तीसच लागतेत. एक कमी पडला असता तर गेलं व्हतं. गावात कुणी म्हणतंय काठावर, कुणी म्हणतंय ढकलून दिली. काल ग्रामपंचायतीत नाव दिलं, ग्रामसेवकानं मार्कलिस्ट बघितली, तो पन हसला. माझं नाव आशाताईच्या यादीत चढलंय, पन मला वाटतंय तुमच्या मेहनतीला पस्तीस शोभत नाय.

बिस्किटाचा कागद परत पाठवते. परीक्षेला जाताना डब्यात नेला व्हता, त्याला तेलाचा डाग पडला, त्येवढं पोटात घाला. तुमी तुमची चूक मला दिली, हे मी मरस्तोवर इसरणार नाय.

तुमची बहीण समजा,
सारजाबाई

* * *

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१ सप्टेंबर २०२४

सौ. सारजाबाई यांस,
जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. सर्जेराव काकांना फोनवर वाचून दाखवलं. भगुन्याच्या ठिकाणी त्यांनी ते परत वाचायला लावलं.

तेलाचा डाग बघितला. अडचण नाही. कागद पुन्हा डिक्शनरीत त्याच पानात ठेवलाय.

आता पस्तिसाचं. ज्यांनी कधी मालाची तपासणी केली नाही ते 'काठावर' म्हणतात. आमच्याकडं प्रत्येक तुकड्याला मर्यादा ठरलेली असते. तुकडा मर्यादेच्या मधोमध बसला काय आणि कडेला बसला काय, तो गाडीत जातो आणि गाडी चालते. त्यावर एकच शेरा असतो, ओके. जास्त ओके किंवा सगळ्यांत ओके असा शेरा नसतो. मी एकतीस वर्षांत कधी दिलेला नाही, कुणी मागूही शकत नाही. पास हाही तसलाच शब्द आहे. तुम्ही पास आहात. ग्रामसेवकाला हसायचं असेल तर आधी त्यानं या शब्दाची तुलना करून दाखवावी.

आणि मेहनत माझी नव्हे. मी तुम्हाला तीन आठवडे मागं ढकललं होतं. तिथून पुढं तुम्ही आलात, सायलीच्या हाताखाली. तिला माझा नमस्कार सांगा. तपासायची ती रीत माझ्यापेक्षा तिला लवकर कळली.

एक काम मागतो. मी दहावीचा फॉर्म भरतोय, बाहेरून बसायचं आहे. कंपनीत कुणाला माहीत नाही, घरात आता सगळ्यांना माहीत आहे. लिहिण्याची सवय रिपोर्टापुरतीच राहिलीय, निबंधात माझी वाक्यं आखडतात. सोबत दहा वाक्यं पाठवतोय, पानाला मधोमध घडी आहे. डाव्या बाजूला मी. उजवी बाजू तुमची. चूक दिसली तर रेघ मारू नका, शेजारी तुमचं वाक्य लिहा. मी बघून घेईन.

लिहिताना हात पुसू नका. हळद लागली तर लागू द्या. पान तुम्हीच तपासलंय, हे मला त्यावरूनच कळेल.

तुमचा भाऊ,
पुंडलिक